बाळ जगलं तरच

माझ्या नातीने मला कामाला ठेवलं आहे. ती दहा वर्षांची आहे. काम एवढंच, की तिच्याआधी एक पुस्तक वाचायचं आणि त्यातलं बाळ शेवटी जगतं का मरतं ते तिला सांगायचं.

"जगलं तरच मी पुढे वाचीन," तिने पुण्याजवळच्या नेऱ्याहून फोनवर बजावलं. "मेलं असेल तर पुस्तक तुझ्याकडेच ठेव. मला परत दाखवू पण नकोस."

"आणि अर्धंमुर्धं जगलं असेल तर?" मी सवयीने खोडी काढली.

"आजी, जोक नको."

या पोरीने माझ्या चेष्टेला कधी नको म्हटल्याचं आठवत नाही. आमच्या इथल्या धरणात एक म्हातारी मगर आहे आणि तिला गृहपाठ न केलेल्या पोरांच्या पायांचा वास बरोबर येतो, ही थाप तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा मागून ऐकली आहे. ती पोर आता म्हणते, जोक नको.

पुस्तक घेऊन तिचा बाप आला. म्हणजे माझा मुलगा. चहा उभ्यानेच प्यायला आणि चपला घालताना म्हणाला, "आई, जरा लवकर वाच. घरी सगळं विचित्र चाललंय."

विचित्र काय ते सुनेने फोनवर सांगितलं. उन्हाळ्याच्या शेवटी नातीला भाऊ झाला. ती त्याला मांडीवर घेऊन बसायची, त्याच्या जांभयांचे फोटो मला पाठवायची. मग शाळेच्या वाचनालयातून हे पुस्तक घरी आलं. मुलांसाठी लिहिलेली कादंबरी, परदेशातली, मराठीत आणलेली. नाझींनी ज्यूंना वेचून वेचून मारलं त्या काळातली. त्यात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा आहे, त्याची तान्ही बहीण आहे, आणि आईसकट ती तिघं एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर लपून बसली आहेत. खाली शिपाई दळण न्यायला येतात. बाळ रडलं तर सगळे पकडले जाणार. आमच्या बाईसाहेब इथवर वाचून थांबल्या.

तेव्हापासून घरातलं बाळ रडलं की ही धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावून घेते. तेराव्या मजल्यावरच्या. मग भिंतीला पाठ लावून उभी राहते, बाळ गप्प होईपर्यंत. त्याला उचलत नाही. "माझ्याकडे असताना तो रडला तर?" असं विचारते.

"मी तिला किती समजावलं, आई," सून म्हणाली. "म्हटलं ती स्टोरी आहे, आपल्याकडे असं काही नाहीये. ती मान हलवते. आणि बाळ रडलं की परत विंडो बंद."

तर अशा प्रकारे मी वाचायला बसले. पडवीत, खुर्ची भिंतीला टेकवून, शेजारी दोन रुमाल घडी घालून. रुमाल कशाला ते सांगायला हवं.

मी पुण्याची. पेठेतली. लग्न होऊन इकडे माले गावाच्या पुढे आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती, आणि ही गोष्ट कुणी विचारायच्या आत मी सांगत असे. पुस्तक वाचून रडणं हा माझा हातखंडा. जो जास्त रडतो त्याला जास्त कळतं असा माझा ठाम समज होता. रडून झालं की मी उठून आरशात बघायची. नाकाचा शेंडा लाल झाला असला तर त्या पुस्तकाला पैकीच्या पैकी गुण. नुसते डोळे पाणावले असले तर लेखकाने आणखी मेहनत घ्यायला हवी होती.

एकदा चुलीवर भात आणि हातात कादंबरी अशी मी हुंदके देत होते. भात करपला. सासूबाई मागच्या दाराने धावत आल्या.

"कोन गेलं गं?"

"पुस्तकातली मुलगी," मी पदरात तोंड खुपसून म्हटलं.

सासूबाईंनी आधी भात उतरवला. मग माझ्याकडे बघून अगदी गंभीरपणे विचारलं, "मग आता सुतक कवाधरनं धरायचं?"

त्या वेळी मला वाटलं, किती ही अडाणी माणसं. आता वाटतं, काय फर्मास टोला होता, आणि मला तो हसून झेलताही आला नाही.

याहून वरताण म्हणजे लावणीचा प्रसंग. ज्यूंच्या त्या संहाराबद्दल मी कॉलेजात थोडंफार वाचलं होतं, आणि हे ज्ञान वाया जाऊ नये अशी माझी तळमळ होती. खाचरात बायका वाकून भात लावत होत्या आणि मी बांधावर उभी राहून त्यांना ते सगळं सांगत होते. बांधावर, कारण चिखलात पाय घालायची माझी तयारी नव्हती. सांगता सांगता नेहमीप्रमाणे डोळ्यांना धार लागली. माझी थोरली जाऊ त्या ओळीत होती. तिने कंबर सरळ केली, हातातली रोपांची मूठ झटकली आणि म्हणाली, "धाकटे, रडायचंच हाय तर खाली उतरून रड. येक वळ तरी लावून हुईल."

सगळ्या हसल्या. मी मात्र घरी जाऊन आणखी रडले, आणि हो, आरशात पाहिलं.

तर आरशात बघणारी ती तरुण बाई डोक्यात ठेवून मी रुमाल घेऊन बसले होते. वाटलं, पहिल्या दहा पानांत कामाला लागेन.

काहीच झालं नाही.

मध्यंतरी पौडला दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली होती. घरी येऊन चहा घेतला तर तो ओठातून गळून पदरावर पडला आणि मला पदर ओला दिसल्यावर कळलं. हे वाचन तसं झालं. शब्द आत जात होते हे मला दिसत होतं. त्या गावातल्या मुलांना बागेत जायची बंदी होते. मग शाळेत जायची. मग मुलाच्या वडिलांना कामाला म्हणून नेतात आणि ते परत येत नाहीत, आणि मुलगा त्यांची टोपी खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवर लावतो, का ते पुस्तकात सांगितलेलं नाही. मी वाचलं. पान उलटलं. उठून मटकी भिजत घातली. परत येऊन बसले. आई बाळाला झोपेचा काढा चाटवते, बोटाने, ते बोट स्वतःच्या लुगड्याला पुसते. म्हणजे झग्याला. मी मनातल्या मनात लुगडंच नेसवलं होतं तिला. तेही लक्षात आलं, आणि पुढे गेले.

ती पुण्याची शहाणी इथे कितींदा तरी रडून आरशाकडे धावली असती. मी नाकाला हात लावून पाहिला. गार होतं.

मला भीती वाटली असंही नाही. एवढंच जाणवत होतं की मी दळणासारखी पानं टाकत चालले आहे, कारण पलीकडे नेऱ्याला एक पोर निकालाची वाट बघते आहे. जगलं का मेलं, एवढं सापडलं की माझं काम संपलं. तीही एक पळवाट असेल. वाचणाऱ्याला काम दिलं की त्याला काही वाटलंच पाहिजे अशी सक्ती राहत नाही.

शुक्रवारी दुपारी शेवटच्या पानावर आले. पुस्तक मिटलं. परत उघडलं. मागच्या कोऱ्या पानावरही पाहिलं. मग बराच वेळ नुसती समोर बघत बसले असणार, कारण जाऊबाई आलेल्या मला कळल्याच नाहीत.

आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. श्रावणातला शुक्रवार, म्हणजे त्यांच्याकडे जिवतीची पूजा. जिवती पोराबाळांना जपते. भिंतीवर तिचा कागद लावायचा, आघाड्याची माळ घालायची, पोरांना ओवाळायचं, आणि ज्यांची पोरं लांब आहेत त्यांनी पोर असेल त्या दिशेला अक्षता टाकायच्या. जाऊबाईंची सगळीच लांब आहेत. मी पूर्वी या प्रकाराला नाक मुरडत असे. आता त्यांच्याकडचे दूध-फुटाणे आवडतात म्हणून जाते. त्या दिवशी गेले नाही, म्हणून त्याच ताम्हन हातात घेऊन पडवीत येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"त्वांड आसं का झालंय? कोन मेलं?"

"तेच कळत नाहीये," मी म्हटलं.

"म्हंजी?"

मी सांगितलं. नातीने लावलेलं काम, खिडक्या, बाळ, गिरणी, सगळं. जाऊबाई उंबऱ्यावर टेकल्या. ताम्हन मांडीवर.

"वाच," म्हणाल्या.

"अहो, मोठं आहे."

"बाळाचं तेवडं वाच."

मी बाळाचं तेवढं वाचू लागले. जाऊबाई गप्प ऐकणाऱ्यातल्या नाहीत.

"दूध कुटनं आनत्यात त्या पोराला? शेरडू न्हाई का त्यांच्यात?"

"माळ्यावर लपलेत, जाऊबाई. माळ्यावर शेळी कशी चढवणार?"

"आमची चडती," त्या म्हणाल्या. "आन् बाप?"

"नेला."

"हां."

काढा चाटवायच्या पानावर आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "अफू व्हय. आमच्या आयनं बी चाटवली हुती मला." जाऊबाई ताम्हिणीच्या वरच्या एका वाडीतल्या. त्यांची आई दुसऱ्यांच्या खाचरांत लावणीला जायची. "पोर रडाय लागलं तर मुकादम वराडायचा. मंग चाटवायची नि टोपलीत घालून बांदाव ठिवायची. सांजंपातूर उटायचं न्हाई."

"तुम्ही उठलात ना पण."

"ही काय म्होरं बसलीया."

"सगळी उठायची?"

जाऊबाईंनी ताम्हनातली पेटलेली वात बोटाने पुढे सारली. "माज्या पाटची उटली न्हाई," त्या म्हणाल्या. "वाच फुडं."

इतकी वर्षं भिंतीला भिंत आहे आमची. बांधावर उभी राहून मी ज्या ओळीला जगाचं दुःख समजावून सांगत होते त्या ओळीत ही बाई होती. मी पुढे वाचलं. आवाजही हलला नाही माझा. मला सांगायलाही कसंतरी वाटतं, पण हललाच नाही.

पुढे असं आहे, की हंस पाळणारी एक बाई गिरणीत येत असते. आई एका पहाटे बाळाला सलगमांच्या टोपलीत, वरून पाला टाकून, तिच्याकडे देते. ती बाई टोपली घेऊन जाते. काही दिवसांनी शिपाई माळ्यावर येतात. आई आणि मुलगा आगगाडीच्या मालडब्यात. डब्यात माणसं उभ्याने दाटलेली, आणि तो मुलगा शेजारच्यांना आपल्या बहिणीबद्दल सांगत असतो. ती आता बसायला लागली आहे. आता तिला दात येताहेत. आता ती हंसांच्या मागे धावते. गाडी चालू असते. पुस्तक संपतं.

"आन् पोर?"

"संपलं, जाऊबाई."

"आसं कसं संपल? पोर कुटाय?"

"लिहिलेलं नाही."

जाऊबाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि उलटंपालटं केलं. त्यांना वाचता येत नाही, पण शेवटची पानं कुणी फाडली आहेत का हे बघायला अक्षर लागत नाही. मग उठल्या, पडवीच्या कडेशी गेल्या. पाऊस बारीक होता. त्यांनी आधी पौडाकडे तोंड करून अक्षता टाकल्या. थोरला पुण्यात गाडी चालवतो. मग घाटाकडे, कोकणात दिलेल्या लेकीसाठी. धाकट्यासाठी त्या नेहमी दोन दिशांना टाकतात, कारण तो सध्या कुठे आहे ते त्याने फोन उचलला तर कळणार.

मग माझ्याकडे वळल्या. "ते गाव कंच्या अंगाला?"

"कुठलं?"

"गिरनीचं."

मी कधी असा विचार केला नव्हता. भूगोल मला बरा होता. मी हात वर करून अंदाज घेतला. "लोणावळ्याच्या अंगाला. थोडं डावीकडे. पण लई पुढं."

त्यांनी उरलेली सगळी मूठ त्या अंगाला टाकली. अर्ध्या अक्षता माझ्या जास्वंदीवर पडल्या, अर्ध्या जाऊबाईंच्याच कोंबड्यांनी पडता पडता टिपल्या. जाऊबाई ओठांत काहीतरी म्हणाल्या, त्यात जिथं आहेस तिथं, एवढं मला ऐकू आलं.

मला म्हणायचं होतं, की ही कादंबरी आहे. ते बाळ कुणीतरी टेबलाशी बसून रचलेलं आहे. आणि खरं असतं तरी ते आज माझ्याहून म्हातारं असतं. यातलं मी काही बोलले नाही. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लिहिते, कारण तेच खरं आहे: तांदूळ चांगला इंद्रायणी होता, रेशनचा चालला असता.

"पोरीला सांग, जगली म्हनून," जाऊबाई जाता जाता म्हणाल्या.

"खोटं सांगू?"

"खोटं काय त्यात? मेली आसं लिवलंय का?"

"नाही."

"मंग झालं."

संध्याकाळी सुनेचा फोन. तिचंही तेच. "आई, प्लीज. जगलं म्हणून सांगून टाका ना. नंतर मोठी झाल्यावर वाचेल तेव्हा वाचेल." मी हो म्हटलं. थाप मारायला मला कधी कुणाच्या शिफारशीची गरज पडलेली नाही, इथे तर दोन-दोन मिळाल्या होत्या.

रविवारी सगळे आले. घाटात धबधबे बघायला जाणाऱ्या गाड्यांची रस्त्यावर रांग लागली होती, त्या रांगेतून वाट काढत. नात उतरली ती बाळाकडे न बघता सरळ माझ्याकडे आली. वाळली होती. मी तिला जवळ घेतलं तर तिने माझ्या खांद्यावर तोंड ठेवूनच विचारलं.

"जगलं?"

"जगलं," मी म्हटलं. सहज, मटकीला मोड आले म्हणावं तसं. मगरीची शपथ, याहून सफाईदार थाप मी आयुष्यात मारलेली नाही.

तिने तोंड वर केलं. "कितव्या पानावर?"

थापेला पान क्रमांक लागतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पुस्तक उघडलं. चष्मा पुसला. पानं चाळली. ती बघत होती. मागे सून डोळे मोठे करून मला खुणा करत होती, आणि मला पान काही सापडेना, कारण ते नव्हतं.

"म्हणजे मेलं," नात म्हणाली.

"नाही! तसंही लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय?"

"त्याला एका बाईकडे देतात. ती घेऊन जाते. मग पुस्तक भावाबरोबर जातं. बाळाचं पुढे काय झालं ते लिहिलेलंच नाही."

"लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं?"

"नसेल."

"मग कुणालातरी विचारायचं ना!" ती ओरडली. "आणि तू मला खोटं का सांगितलंस? मी मुद्दाम तुला वाचायला दिलं होतं. मम्मीला दिलं असतं तर मम्मी खोटं बोलली असती, म्हणून तुला दिलं."

सुनेने मान खाली घातली. मी काय करणार? माझी मान आधीच खाली होती.

बाळाचे लंगोट नेऱ्यालाच राहिले होते, म्हणून मुलगा आणि सून पौडला गेले. घरात मी, ती आणि झोळीत झोपलेलं बाळ. ती पडवीत बसली, पुस्तकाकडे पाठ करून. मी डाळ निवडायला घेतली. अर्धं ताट निवडून झालं तेव्हा तिने हात मागे नेऊन पुस्तक ओढलं आणि जिथे सोडलं होतं तिथून वाचू लागली.

मी डाळीतून मान वर न करता तिच्याकडे बघत होते. ही कला सासूबाईंची. काढ्याचं पान आलं तेव्हा ती थांबली, मला पान ओळखू आलं, उजवीकडे गिरणीचं चित्र आहे. ती थांबली आणि परत वाचू लागली. टोपलीचं पान आलं. तिने एक पाय पोटाशी घेतला. शेवटाला आली तेव्हा बोट ओळीखाली धरून वाचत होती, पहिलीतल्यासारखी.

"आजी, गाडी कुठे चाललीय ते त्या मुलाला माहीत नाही ना?"

"नाही."

"मला माहीत आहे. शाळेत बाईंनी सांगितलं होतं." ती जरा थांबली. "त्याला माहीत नाही आणि मला माहीत आहे."

हे मला पूर्ण पुस्तकात सुचलं नव्हतं.

तिने पुस्तक मिटलं. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो वाचून झालेल्या माणसाला कधी विचारू नये. "काय वाटलं?"

"काही नाही." तिने पुस्तकावर पडलेला पावसाचा शिंतोडा पुसला. "काहीच नाही वाटत. असं चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं. "मलाही नाही वाटलं."

"खरं?"

"यालाही पान क्रमांक देऊ?"

ती हसली नाही. पण माझ्याकडे सरकून बसली आणि मला न दिसलेला डाळीतला एक खडा काढून टाकला.

तेवढ्यात बाळ उठलं. पहिल्याच रडण्याला टिपेचा सूर. नात ताडकन उभी राहिली. मी ताट बाजूला ठेवलं, पण उठले नाही. तिने खिडकीकडे पाहिलं. आमच्या पडवीला तिन्ही बाजूंनी काही नाही, नुसते खांब आहेत; माजघराची खिडकी पावसाने फुगून बसली आहे, ती माझ्यानेही लागत नाही. तिने ती ओढून पाहिली. मग सोडली. बाळाचा आवाज वाढत चालला होता. रस्त्यावर गाड्या थांबलेल्या, एका गाडीत गाणी चालू.

"ऐकू जाईल," ती म्हणाली.

"कुणाला?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. तिथे एक माणूस गाडीच्या टपावर हात ठेवून कणीस खात होता. ती त्याच्याकडे बघत होती, चांगलं निरखून. त्याने कणीस संपवलं, गवतात फेकलं, गाडीत बसला.

भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "आगं कुनी घ्या की त्या लेकराला! मेलात का काय समदी?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी डाळीकडे पाहिलं.

"आहोत!" ती ओरडली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. कोंबड्या बिचकल्या. "आहोत आम्ही! रडतोय तो! रडू दे त्याला!"

मग ती झोळीशी गेली. तिने त्याला उचललं, चुकीचं, काखेत हात घालून, मांजराला उचलतात तसं.

"मान धर," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

"धरलीय."

तो तिच्या खांद्यावर आणखीच किंचाळायला लागला. ती त्याला घेऊन पडवीच्या कडेला गेली आणि तिथेच उभी राहिली, गाड्यांच्या रांगेकडे तोंड करून. गप्प कर म्हणाली नाही, थोपटलंही नाही. नुसती धरून उभी राहिली. तो रडत होता, गाडीतली माणसं काचा खाली करून बघत होती, आणि ही त्यांच्याकडे बघत होती.

मी आत गेले आणि दूध गरम करायला ठेवलं.